प्रकार कोणता ते सांगा

संशयी : तीस ब्लॅक बुकं तपासून आलोय, मॅडम. काळ्या रेक्झिनची बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं, आत ऐंशी-नव्वद पानं. तीसपैकी अकराजणांचा विषय एकच : 'समाजमाध्यमांचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम : एक अभ्यास'. फक्त गाव बदलतं, कुठे डोंबिवली, कुठे कल्याण. गूगल फॉर्म करायचा, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, 'भर ना यार' म्हणून मित्रांच्या मागे लागायचं आणि पन्नास-बावन्न उत्तरं आली की थांबायचं. मग त्या बावन्न उत्तरांचे सतरा पाय चार्ट. निष्कर्ष काय, तर समाजमाध्यमांचे चांगले आणि वाईट असे दोन्ही परिणाम होतात! हे तर माझी आईही सांगेल, आणि तिच्याकडे स्मार्टफोन नाही. तिसरं प्रकरण 'संशोधन पद्धती'. ते सगळ्यांचं शब्दन् शब्द सारखं. मूलभूत संशोधन, उपयोजित संशोधन, ऐतिहासिक, वर्णनात्मक, प्रायोगिक, संख्यात्मक, गुणात्मक, कृती संशोधन. प्रत्येकाची व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे, मर्यादा. शेवटी एक ओळ : 'प्रस्तुत संशोधनासाठी वर्णनात्मक सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब केला आहे.' का केला, ते लिहिणाऱ्याला माहीत नाही आणि सही करणाऱ्या गाईडलाही नाही. आता नव्या धोरणात चौथ्या वर्षाला 'संशोधनासह ऑनर्स' आलंय, म्हणजे हा ढीग आणखी वाढणार. माझं म्हणणं सरळ आहे. पदवीच्या मुलांकडून संशोधन करून घेणं बंद करा.

आग्रही : बंद कराल, तर फक्त कागद वाचेल. त्या अकरा शीर्षकांकडे पुन्हा बघा, सर. 'परिणाम : एक अभ्यास' हा विषय झाला. यात प्रश्न कुठे आहे? ज्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं, त्याला मी प्रश्न म्हणते. 'रात्री बारानंतर फोनवर असणारी मुलं पहिल्या लेक्चरला जास्त बुडी मारतात का?' हा प्रश्न. याचं उत्तर हो येईल किंवा नाही येईल, आणि निम्मी माहिती ऑफिसातल्या हजेरीपटात आयती पडली आहे. मुलांना आपण विषय देतो, प्रश्न देत नाही आणि शोधायलाही शिकवत नाही. गृहीतक आणि परिकल्पना यांतला फरक किती मुलांना सांगता येतो? गृहीतक म्हणजे जे न तपासता धरून चालतो ते. हजेरीपट खरा आहे, हे गृहीतक.

संशयी : धाडसाचं गृहीतक आहे.

आग्रही : आहे खरं. म्हणूनच ते लिहून ठेवायचं असतं, लपवायचं नसतं. परिकल्पना म्हणजे जे तपासायला घेतलंय आणि जे पडू शकतं ते. मला दरवेळी दामोदर कोसंबी आठवतात.

संशयी : तुम्हाला गेल्या वर्षीही आठवले होते.

आग्रही : पुढच्या वर्षीही आठवतील. माणूस गणिताचा. समोर प्राचीन आहत नाणी होती. चांदीचे वेडेवाकडे कापलेले तुकडे, त्यांच्यावर ठसे. राजाचं नाव नाही, साल नाही. यातलं आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे कसं ठरवायचं? त्यांची परिकल्पना अगदी घरगुती होती. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. जितकं जास्त फिरेल तितकं हलकं. ही गोष्ट इतकी उघड वाटते, की तुम्ही-आम्ही ती धरून चाललो असतो, म्हणजे तिला गृहीतक करून टाकलं असतं. कोसंबींनी तसं केलं नाही. त्यांनी आपल्या रोजच्या बाजारातली चलनी नाणी घेतली आणि हजारोंनी तोलली. चलनी नाणीच का? कारण त्यांच्यावर साल छापलेलं असतं. वय आधीच माहीत आहे, वजन तराजू सांगतो. मग वयाबरोबर वजन खरंच उतरतं का, हे पडताळता येतं. उतरत होतं. शिवाय आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या सालाच्या नाण्यांत आपसातला फरकही वाढलेला होता, कारण एखादं वर्षानुवर्षं ट्रंकेत पडून राहतं आणि एखादं रोज भाजीवालीच्या हाती लागतं. एवढं हाती आल्यावर मग ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या ढिगाकडे वळले. स्वाश्रयी चल, आश्रयी चल, विश्वसनीयता, सप्रमाणता, हे सगळं या एका तराजूत आहे. मुलांना व्याख्या पाठ करायला लावण्याऐवजी मी ही गोष्ट सांगते.

संशयी : आणि मुलं ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन गूगल फॉर्म करतात. कारण कोसंबी कोसंबी होते. माझा एक विद्यार्थी रात्री अकरापर्यंत पार्सलं पोचवतो, सकाळी सातला लेक्चरला येतो. त्याला कुठला तराजू देऊ? पण ते राहू द्या. माझा खरा आक्षेप तुमच्याच उदाहरणातून निघतो. हे काम कोणत्या प्रकारात बसतं? विषय जुना, म्हणून ऐतिहासिक? वजनं घेतली, म्हणून संख्यात्मक? कुणाला फायदा नव्हता, म्हणून मूलभूत? व्हायव्हाला आलेला बाहेरचा परीक्षक पहिलाच प्रश्न विचारतो, 'तुमच्या संशोधनाचा प्रकार कोणता ते सांगा.' कोसंबी तिथे अडखळले असते. जे कपाट उत्तम काम ठेवायला उपयोगी पडत नाही, ते वर्गात मांडायचं तरी कशाला?

आग्रही : कपाट म्हणता, तिथेच घोटाळा आहे. आपली पुस्तकं हे प्रकार एकाखाली एक छापतात, एक ते आठ, आणि मुलाला वाटतं की यातल्या एकापुढे बरोबरची खूण करायची. इंडिकेटरवर लोकल कशी लिहिलेली असते? बदलापूर, फास्ट, बारा डबे, एसी. 'गाडी फास्ट आहे की बारा डब्यांची?' असं कुणी विचारतं का? कशासाठी करायचं, ही एक बाजू. तिथे मूलभूत आणि उपयोजित. माहिती आकड्यांत येते की शब्दांत, ही दुसरी. झालेलं कागदांतून काढायचं, चाललेलं बघायचं की स्वतः बदल घडवून पाहायचा, ही तिसरी. ऐतिहासिक, वर्णनात्मक, प्रायोगिक हे तिथे येतात. प्रत्येक अभ्यासाला या तिन्हींचं उत्तर असतं. कोसंबींनाही देता आलं असतं, आणि परीक्षकाची तिथल्या तिथे शिकवणी झाली असती.

संशयी : बरं, लोकल मान्य. पण मग प्रकार निवडायचा नसतो, प्रश्नातून तो आपोआप ठरतो, असंच तुम्ही म्हणताय. तसं असेल तर प्रकार शिकवायची गरज आणखीच कमी झाली.

आग्रही : आपोआप ठरत नाही. ठरवताना काय गमावतोय, ते कळावं लागतं. शिवजन्माच्या तारखेचा वाद घ्या. बखरींमुळे १६२७ हे साल रूढ होतं. जेधे शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली, १९१६ मध्ये छापली गेली, आणि तिच्यात शके १५५१ची फाल्गुन वद्य तृतीया होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पण एका कागदावर निकाल लागत नाही. पुढे परमानंदाच्या शिवभारतात तीच तिथी मिळाली, जोधपूरला सापडलेल्या जन्मपत्रिकेनं तिकडेच बोट दाखवलं. एकमेकांशी संबंध नसलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, की पारडं झुकतं. ऐतिहासिक पद्धतीचा सगळा जीव यात आहे. कागद कुणाचा, कधीचा, लिहिणाऱ्याला काय माहीत असणं शक्य होतं? इथे फॉर्म पाठवून भागत नाही, आणि तुमच्या पार्सलवाल्या मुलाच्या प्रश्नाला शकावली कामाची नाही. हा फरक शिकवावा लागतो.

संशयी : त्या पार्सलवाल्या मुलाचाच प्रश्न घेऊ. त्यानं समजा आपल्यासारख्या मुलांची कमाई तपासायची ठरवली. पन्नासजण ओळखीचे, सगळे एकाच नाक्यावर चहा पिणारे. नमुना कसला, मित्रमंडळ! पुस्तक सांगतं, यादृच्छिक नमुना घ्या. यादृच्छिक म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखी संधी. पण सगळ्यांची यादीच कुणाकडे नसेल, तर सारखी संधी देणार कशी? कंपनी यादी देणार नाही. मग मुलगा लिहितो, 'सोयीस्कर नमुना निवड पद्धती वापरली.' सोय झाली, पद्धतही झाली!

(इथे लिहिणाऱ्यानं एक पुस्ती जोडायला हवी. मराठी प्रबंधांतून 'सोयीस्कर नमुना' हा शब्दप्रयोग कबुलीसारखा यायला हवा होता, तो बिरुदासारखा येतो. दोघांपैकी कुणीही हे म्हटलं असतं, पण बोलण्याच्या भरात राहून गेलं.)

आग्रही : नमुना सोयीचा असला म्हणून काम फुकट जात नाही. किती मोठं बोलायचं, एवढंच त्यानं ठरतं. हॅरॉल्ड मान पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी पिंपळे सौदागर हे एकच गाव घेतलं. आज तिथे टॉवर आहेत, तेव्हा शेती होती. जुनी दप्तरं आणि प्रत्यक्ष पाहणी यांची सांगड घालून त्यांनी दाखवलं, की १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांचं असलेलं खातं १९१५ पर्यंत ७ एकरांवर आलं होतं. १९१७ साली हे छापून आलं. म्हणजे निम्मं काम ऐतिहासिक, निम्मं वर्णनात्मक. प्रकार विचारणाऱ्यानं खुशाल डोकं खाजवावं. पण त्यापुढचं पाऊल मला जास्त आवडतं. हे गाव पुण्याला आणि खडकीला लागून. तिथे माणसाला शेतीबाहेरची मजुरी मिळते. मग हे चित्र दख्खनच्या इतर गावांना लागू होतं का? 'मर्यादा' या मथळ्याखाली दोन ओळी लिहून ते सुटू शकले असते. त्यांनी शहरापासून लांबचं, कोरडवाहू जातेगाव बुद्रुक घेतलं आणि सगळं पुन्हा केलं. ते पुस्तक १९२१ मध्ये आलं. आपल्या मुलांच्या ब्लॅक बुकात मर्यादा म्हणजे काय असतं? 'वेळेचा अभाव.'

संशयी : कारण वेळेचा अभाव असतोच! चार महिन्यांत सबमिशन, त्यात दोन परीक्षा. तुम्ही चार-चार वर्षांची कामं पुढे करून चार महिन्यांच्या कामाला लाज आणता. आणि प्रायोगिक संशोधनाचं तर मला भयच वाटतं. बी.एड.ची मुलं दोन तुकड्या घेतात. एका तुकडीला नवी पद्धत, दुसरीला जुनी. एक प्रायोगिक गट, एक नियंत्रित गट. दुसऱ्या तुकडीनं काय पाप केलं, हे कुणी विचारत नाही.

आग्रही : विचारायलाच हवं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, त्यात ३९ गावांत ही सेवा होती आणि ४७ गावं तुलनेला होती. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांच्या मानानं नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. ती ४७ गावं नसती, तर कुणीही म्हणालं असतं की पाऊसपाणी बरं झालं, रस्ते आले, म्हणून बाळं वाचली. तुलनेशिवाय ते शाबीत झालं नसतं आणि पुढे देशाच्या धोरणात गेलं नसतं.

संशयी : पण त्या ४७ गावांतल्या आईला हे समजावून सांगाल का?

आग्रही : नाही सांगता येणार. तिथली सरकारी सेवा चालू होती, कुणाच्या तोंडचं काढून घेतलेलं नव्हतं, एवढंच म्हणता येईल. ते पुरेसं आहे असं मी म्हणत नाही.

संशयी : हे तुम्ही मान्य केलंत, बरं वाटलं. आता आणखी एक दुखरी नस दाबतो. २०१८च्या युजीसी नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत सारखेपणा माफ. त्या दिवसापासून मुलांचं, आणि खोटं कशाला बोलू, आपल्यातल्याही काहींचं, सगळं लक्ष त्या आकड्याकडे. आधी वाक्यं उलटीसुलटी करून टक्के उतरवायचे. आता यंत्राला सांगितलं की ते अख्खं प्रकरण लिहून देतं, संदर्भासकट. त्यातले निम्मे संदर्भ जगात कुठेच नसतात. सारखेपणा ३ टक्के. रिपोर्टवर हिरवा रंग. शब्द चोरलेले नाहीत, विचार मात्र केलेलाच नाही. या अवस्थेत तुम्ही परिकल्पना आणि चल शिकवताय?

आग्रही : याच अवस्थेत. यंत्र तिसरं प्रकरण लिहून देईल, नाणी तोलून देणार नाही. आणि आणखी एक गोष्ट ते देणार नाही, ती म्हणजे नकार पचवण्याची ताकद. इरावती कर्वे बर्लिनला गेल्या तेव्हा विद्यार्थिनीच होत्या. गाईड ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं तेव्हाचं बडं प्रस्थ. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण वेगळी असते आणि त्यातून त्याची बुद्धी सरस ठरते, या समजुतीला आधार मिळावा ही गाईडची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. दोन बाजूंतला असमतोल सगळ्यांत होता, पण वंशाशी त्याचा मेळ बसेना. त्यांनी तसंच लिहिलं. वंशामुळे फरक पडत नाही, ही शून्य परिकल्पना. ती फेटाळता आली नाही. आपली मुलं तिला फॉर्म्युला समजतात. तिथे परदेशातल्या एका तरुण मुलीनं गाईडच्या तोंडावर ती टिकवून दाखवली. विद्यार्थ्यांचं उदाहरण मागत होतात ना?

संशयी : मागत होतो, आणि तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत. आपल्या कॉलेजात असं प्रकरण गाईडकडे गेलं तर काय होईल? 'रिझल्ट आला नाही वाटतं. सॅम्पल वाढव, नाहीतर विषय बदल.' आपली गुणांची विभागणी बघा. प्रस्तावनेला गुण, साहित्याच्या आढाव्याला गुण, निष्कर्षांना, शिफारशींना, बाइंडिंगलासुद्धा गुण. 'मला वाटलं होतं ते चूक निघालं', याला गुण कुठे आहेत? तुम्ही म्हणता नकार पचवायला शिकवा. ज्या संस्थेला नकार पचत नाही, तिनं तो शिकवायचा? म्हणून म्हणतो, करायला लावू नका. वाचायला शिकवा. वर्तमानपत्रात '७० टक्के लोकांना वाटतं' असं आलं, की कुठले लोक, किती, कुणी विचारलं, एवढं विचारता आलं तरी पदवीचं सार्थक झालं.

आग्रही : ज्यानं स्वतः एकदा फॉर्म करून फसवणूक करून पाहिलेली नाही, त्याला दुसऱ्याचा फॉर्म कुठे फसवतो ते दिसत नाही. मला नव्वद पानं नकोतच. बारा पानं द्या. एक प्रश्न, एक तुलना, आणि शेवटी 'मी कुठे चुकलो असू शकतो' यावर दोन पानं. नवा विषयही नको. दुसऱ्या कुणी केलेलं काम आपल्या गल्लीत पुन्हा करून बघायचं.

संशयी : युनिव्हर्सिटीला नावीन्य हवं असतं, पुन्हा केलेलं चालत नाही. ... तुम्हाला एक दाखवायचं होतं. दाखवावं की नाही, ठरत नव्हतं. ही दोनशे पानी वही. माझ्याच एका विद्यार्थिनीची. त्यांच्या तीन मजली चाळीत नळाला पाणी पहाटे येतं. वरच्या मजल्यावर कमी वेळ येतं, कारण दाब पुरत नाही, असं सगळे म्हणायचे. हिनं चाळीस दिवस पहाटे पाचला उठून तिन्ही मजल्यांवरच्या एकेका नळाची पाणी आल्याची आणि गेल्याची वेळ लिहिली. मजल्यागणिक फरक होता, पण सोमवारी तो जवळजवळ नाहीसा व्हायचा. मग तिच्या लक्षात आलं, की तळमजल्यावर लाँड्री आहे, ती पहाटे मोटर लावते आणि सोमवारी बंद असते. व्हायव्हाला परीक्षकांनी विचारलं, 'प्रकार कोणता ते सांगा.' तिला सांगता आलं नाही. पानं कमी, फॉर्म नाही, पाय चार्ट नाही. शंभरपैकी एकेचाळीस.

आग्रही : आणि तुम्ही माझ्याशी इतका वेळ भांडताय! अहो, हा तर नैसर्गिक प्रयोग आहे. तिनं मोटर बंद केली नाही, आठवडी सुट्टीनं तिच्यासाठी ती बंद केली. तिला हा शब्द कुणी दिला असता, तर परीक्षकांना उत्तर देता आलं असतं.

संशयी : शब्द नसताना तिनं काम केलं, हे विसरू नका. तुमची यादी पाठ केलेल्या अकराजणांनी केलं नाही.

आग्रही : नाही विसरत. पण ती कुठे अडली, तेही बघा. सोमवार किती आले?

संशयी : पाच.

आग्रही : पाच म्हणजे थोडेच. आणि सोमवारी शेजारच्या, बिनलाँड्रीच्या चाळीतही मजल्यामजल्यांतला फरक मिटत असेल तर? सोमवारी बाकीचीही दुकानं बंद असतील, सगळ्या लाइनलाच दाब वाढत असेल. मग लाँड्री बिचारी निर्दोष. शेजारच्या चाळीत एक नळ धरला असता, तर निकाल लागला असता. हे तिला कुणी विचारलं?

संशयी : ...मी गाईड होतो. मला सुचलं नाही.

आग्रही : तुम्हाला दोष देत नाही. तीस मुलं एका गाईडकडे, कुणाला सुचणार?

संशयी : मग माझाच मुद्दा राहिला. तिसांना जमणार नाही.

आग्रही : आणि माझाही. ही मुलगी त्या तिसांतलीच होती. ती कोण निघणार, हे आधी ठरवता आलं असतं?

संशयी : नसतं आलं. या वर्षीच्या कुणाला शेजारच्या चाळीत पाठवायचं असेल, तर वही घेऊन जा. पहिली नोंद १ फेब्रुवारीची आहे, पहाटे पाच वाजून बारा मिनिटं. शेवटची १२ मार्चची. त्या दिवशी पाणी आलंच नाही, तेही तिनं लिहून ठेवलंय.